मेट्रन तेविसाव्या दिवशी उठली

माझी आत्या दवाखान्याच्या बाळंतपणाच्या वॉर्डात एकतीस वर्षं आया होती. डॉक्टर आले आणि बदलून गेले, नर्स आल्या आणि लग्न करून गेल्या, आत्या मात्र तिथेच. गावातली निम्मीअधिक माणसं आपण त्यांच्या आईच्याही आधी हातात घेतलीत, असं ती म्हणायची आणि ते फारसं खोटं नव्हतं. रस्त्यात एखादा मिशीवाला हवालदार दिसला की ती मला कोपरानं ढोसायची. "हा पायाळू. आईला काय छळलं होतं मेल्यानं!" तेही चांगलं मोठ्यानं. हवालदार बिचारा कसनुसं हसून पुढे जायचा.

निवृत्त झाल्यावर हाताला काम उरलं नाही, म्हणून तिनं कोंबड्या पाळल्या. दवाखान्यातून भंगारात निघालेलं औषधांचं लोखंडी कपाट आणलं, परसात आडवं टाकलं, दारांना भोकं पाडून घेतली, आणि झालं खुराडं. पाण्याचं भांडं म्हणून वॉर्डातलाच टवके उडालेला ट्रे. अंड्यांवर कोंबडी बसवायची असली की आत्या आधी साबणानं कोपरापर्यंत हात धुवायची, नखं बघायची, आणि मग एकेक अंडं असं ठेवायची की जणू त्याला मान सावरता येत नाही. दहातली नऊ पिल्लं निघायचीच.

गल्लीतल्या बायका बोलवायला यायच्या. "आत्याबाई, आमची खुडूक झालीय, तुमच्या हातानं अंडी ठेवा. तुमच्या हाताला गुण आहे." आत्या तोंडानं "कसला गुण आणि काय" म्हणायची आणि चपला शोधायला लागायची. ज्यांनी कोंबड्या पाळल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. कोंबडी अंडी घालायची थांबली, पिसं फुलवून एका जागी ठाण मांडून बसली आणि जवळ येणाऱ्याला चोच मारायला लागली, की ती खुडूक झाली. तिला आता पिल्लं हवीत.

मी आत्याचा भाचा. वडील गेल्यावर तिनंच मला वाढवलं, शिकवलं, आणि लग्न झाल्यावर आम्ही नवराबायको तिच्याच दोन खोल्यांत राहत होतो. मी शाळेत विज्ञान शिकवतो. लोक मला मास्तर म्हणतात, आणि थट्टा करायची असली की आत्याही म्हणते. मी विज्ञान शिकवतो हे मुद्दाम आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं ते अडाणी माणसाच्या हातून घडलंच नसतं. त्याला शिकलेला माणूसच लागतो.

आत्याकडे एक राखी रंगाची कोंबडी होती. तिचं नाव मेट्रन. वॉर्डातली खरी मेट्रन अशीच मान ताठ ठेवून, पावलं मोजत राउंडला यायची म्हणे, आणि दिसेल त्याला टोचून बोलायची. ही बोलत नव्हती, नुसती टोचायची. माझ्या पोटरीवर तिची सही अजून आहे. पण अंड्यांवर बसली की दगड. चार वर्षांत चारदा बसली आणि एकदाही अंडी गार पडू दिली नाहीत. आत्या म्हणायची, "गुण माझ्या हाताला नाही रे, हिच्या पोटाला आहे."

त्या हिवाळ्यात जुन्या खाणीच्या तळ्यावरचा बदकवाला आत्याकडे आला. हातात कापडात गुंडाळलेली सात अंडी आणि चेहरा असा, की घरात कोणी गेलंय. कुत्र्यांनी कुंपण फाडून त्याची बदकं मारली होती. तीन माद्या वाचल्या, नर एकही नाही.

"ही सात नर असतानाची आहेत," तो म्हणाला. "यापुढची सगळी पोकळ. ही निघाली तर माझा कळप पुन्हा उभा राहील, नाहीतर संपलं. आणि माझी बदकं अशी, की अंडं घालतात आणि विसरतात. बसायचं नाव नाही. सगळे म्हणाले, आत्याबाईंकडे जा."

आत्यानं एकेक अंडं उचलून बघितलं. कोंबडीच्या अंड्याहून मोठी, हिरवट पांढरी, हाताला जराशी तेलकट. "मेट्रनच्या पोटाखाली सातच मावतील. ठेव," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "पिल्लं देईन तुला. शब्द देते."

मी चमकलो. आत्या कोणाला शब्द देत नसे. व्हरांड्यात येरझाऱ्या घालणाऱ्या नवऱ्यांनाही ती एकतीस वर्षं फक्त "बघू" म्हणत आली होती.

खुराड्याच्या दारावर ती रोज खडूनं एक रेघ ओढायची. एकोणीस रेघा झाल्या आणि तिच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख आली. ऑपरेशन धाकट्या आत्याच्या गावी, आठवडाभर मुक्कामही तिथेच. निघताना तिनं मला परसात नेऊन उभं केलं.

"नीट ऐक. सकाळी मेट्रनला उचलून खाली ठेवायची. ती दाणे खाईल, पाणी पिईल, घाण करेल आणि आपल्या पायानं वर जाईल. ती खाली असताना अंड्यांवर कोमट पाण्याचा हात फिरवायचा. बदकाचं अंडं कोरडं पडलं तर पिल्लू आतच चिकटतं. रोजची रेघ ओढायची. बाकी काही करायचं नाही. मी यायच्या आत पिल्लं निघत नाहीत."

"आणि काही अडलं तर?"

"काही अडत नाही. आपण फक्त पाणी तापवायचं, मास्तर. मोठमोठे डॉक्टरही घाई करूनच घोटाळे करतात."

मी "बरं" म्हटलं. एकूण किती दिवस लागतात, हे विचारलं नाही. विज्ञानाच्या मास्तरनं आयाला काय विचारायचं? माझ्या वर्गाच्या भिंतीवर तक्ता लावलेला आहे. अंड्यात पिल्लू कसं वाढतं त्याची चित्रं, आणि शेवटच्या चित्राखाली ठळक अक्षरात, एकविसावा दिवस. तक्ता कोंबडीचा आहे. बसलेलीही कोंबडीच होती. अंडी कोणाची आहेत, हा विचार माझ्या डोक्यात शिरलाच नाही.

एकविसाव्या दिवशी मी शाळेत जाण्याआधी आणि आल्यावर अंड्यांना कान लावला. काही नाही. बाविसाव्या दिवशीही काही नाही. तेविसाव्या दिवशी सकाळी खुराड्यात भयंकर वास होता. खुडूक कोंबडी दिवसातून एकदाच पोट मोकळं करते आणि ते अख्ख्या गल्लीला कळतं, ही माहिती मला नंतर मिळाली. त्या वेळी मी वहीचा पुठ्ठा गुंडाळून नळी केली, टॉर्च लावला आणि अंडं उजेडावर धरलं. चांगलं अंडं उजेडात लालसर दिसतं, हे मी दरवर्षी वर्गात करून दाखवतो. हे काळं होतं. एका टोकाला थोडीशी मोकळी जागा, बाकी सगळा काळोख. सातही तशीच.

"गेली," मी बायकोला सांगितलं. "सडलीत सगळी."

"अहो, आत्या आल्यावर बघतील ना. हात लावायचा नाही म्हणून सांगून गेल्यात."

"आत्याला विज्ञान कळतं का? उद्या फुटली तर केवढी घाण होईल. आणि ती कोंबडी फुकट उपाशी मरतेय. बघ कशी वाळलीय."

म्हणजे मी दया करत होतो. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेल्या माणसाची दया.

खुडूक मोडायची रीत कोंबड्या पाळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. कोंबडीला गार पाण्यात बुडवायचं. पोटाची ऊब गेली की तिचं बसायचं वेड उतरतं. मी मेट्रनला घरट्यातून उपसून काढलं. तिनं चोच मारून माझं मनगट फोडलं. मी तिला बादलीत तीनदा बुडवली, मानेपर्यंत. थंडीचे दिवस, नळाचं पाणी. पहिल्यांदा ती ओरडली, दुसऱ्यांदा ओरडली, तिसऱ्यांदा ओरडली नाही. मग तिला ओल्या फरशीवर टोपलीखाली कोंडली, अंडी एका रिकाम्या डब्यात काढली आणि डबा परसातल्या भिंतीवर ठेवला. शाळेची वेळ झाली होती. हात धुतले, भांग पाडला, गेलो. त्या दिवशी मी आठवीला उष्णता कशी वाहते ते शिकवलं, आणि छान शिकवलं.

शाळा सुटल्यावर अंडी पुरायला म्हणून खड्डा केला. पहिलं अंडं टाकलं ते खड्ड्यातल्या दगडावर आपटून फुटलं. नाक दाबायला मी आधीच हात वर नेला होता. वास आलाच नाही. आत बदकाचं पिल्लू होतं. पूर्ण. चपटी चोच, बोटांमधली पातळ कातडी, ओली पिवळी लव. त्याचा पाय हलला. चोच उघडली, मिटली, पुन्हा उघडली. त्याला उचलून हातात घ्यावं एवढंही मला सुचलं नाही. मी नुसता बघत उभा राहिलो, आणि थोड्या वेळानं ते हलायचं थांबलं.

अंडी काळी का दिसत होती ते तेव्हा कळलं. पिल्लानं अंडं भरून टाकलं होतं. उजेड जायला जागाच उरली नव्हती.

मग माझी धावपळ सुरू झाली. टोपली उचलून मेट्रनला घरट्यात बसवली. ती उठून बाहेर आली. पुन्हा बसवली, पुन्हा बाहेर. त्या अंड्यांशी तिचा काही संबंधच उरला नव्हता; खुडूक पुरती मोडली होती. आयुष्यात पहिल्यांदा एखादं हातकाम मला पहिल्या फटक्यात जमलं होतं. शेवटी खोका आणला, त्यात बल्ब लावला, सहा अंडी कापसात ठेवली, बाजूला शाळेतला थर्मामीटर. संध्याकाळी एक अंडं तळहातावर जरासं हललं. नक्की हललं. दुसऱ्या दिवशी ते हललं नाही, दुसरं कुठलंही हललं नाही. भिंतीवरच्या सात तासांनी मेली की माझ्या बल्बनं शिजली, तेसुद्धा मला सांगता येणार नाही. पंचविसाव्या दिवशी मी सहाही पुरली. दारावर रेघ ओढायचं केव्हाच सोडून दिलं होतं.

सव्विसाव्या दिवशी आत्या आली. एका डोळ्यावर पट्टी, वर काळा चष्मा, हातात पिशवी. घरात न शिरता थेट परसात गेली. मेट्रन अंगणात दाणे टिपत होती.

"ही खाली काय करतेय?"

मी दोन दिवस एक वाक्य तयार करत होतो. "आत्या, माझ्या हातून मोठी चूक झाली." एवढंच. मुलांना आम्ही हेच शिकवतो, चूक झाली तर सांगून मोकळं व्हावं. पण समोर ती उभी, एकच डोळा उघडा, आणि त्या डोळ्यात माझ्याबद्दल नावालाही शंका नाही. माझ्या तोंडून निघालं, "उठली गं ती. तेविसाव्या दिवशी. मी शाळेतून आलो तर बाहेर फिरत होती आणि अंडी गार पडली होती. परत बसवायचा किती प्रयत्न केला, बसेचना. बल्ब लावून बघितला. नाही वाचली."

यातलं निम्मं खरं होतं. खोटं बोलताना माणूस हाताशी असलेलं खरं वापरून घेतो.

"मेट्रन उठली?"

"हो."

"मेट्रन?"

स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी होती. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि आत गेली.

आत्या खुराड्याशी वाकली आणि बोटानं चाचपत रेघा मोजायला लागली, कारण नीट दिसत नव्हतं. तेवीस. "पाचच दिवस राहिले होते," ती म्हणाली. "बदकाला अठ्ठावीस लागतात. मी मोजूनच गेले होते. परवा निघाली असती."

"मला वाटलं..." मी म्हणालो आणि थांबलो.

"काय?"

"काही नाही."

दुसऱ्या दिवशी ती बदकवाल्याकडे जायला निघाली. मी सांगून येतो म्हटलं तर ऐकेना. "शब्द मी दिला होता. तू फक्त हात धर, एका डोळ्यानं खड्डे कळत नाहीत." मी तिचा हात धरून खाणीच्या तळ्यापर्यंत नेलं. सगळ्या वाटेत तीच माझी समजूत घालत होती. "तू मनाला लावून घेऊ नको. मी सांगितलं तसं तू सगळं केलंस. मुक्या जिवाचं काही सांगता येत नाही."

तळ्यात तीन बदकं पोहत होती. बदकवाला कुंपणाला नवी तार ओढत होता. आत्यानं चष्मा काढला आणि त्याच्यासमोर मान खाली घालून उभी राहिली. डॉक्टरांसमोरसुद्धा ती मान वर ठेवून बोलायची, हे मी लहानपणापासून बघत आलो होतो.

"माझ्याच्यानं झालं नाही बाबा. माझ्या कोंबडीनं दगा दिला, तेविसाव्या दिवशी उठली. मी नको त्या वेळी गाव सोडलं. माझं चुकलं."

बदकवाल्यानं हातातली तार सोडली आणि म्हणाला, "तेविसाव्याला उठली? इतके दिवस बसलेली?" आणि त्यानं माझ्याकडे बघितलं. माझ्या मनगटावर मेट्रननं फोडलेल्या जागी खपली धरली होती. मी बाही खाली ओढली. तो पुन्हा तार ओढायला लागला. त्यानं मला विचारलं असतं तर मी सांगून टाकलं असतं, असं मी नंतर किती दिवस स्वतःला सांगत होतो. तेही खोटंच.

परत येताना आत्या म्हणाली, "मेट्रनला ठेवायची नाही."

"राहू दे ना. चार वेळा बसलीच की ती."

"तू मध्ये पडू नको. ड्यूटी सोडून जाणाऱ्याला मी वॉर्डात कधी माफ केलं नाही. एक आया अडलेल्या बाईला तशीच टाकून चहाला गेली होती. मीच तक्रार केली, नोकरी गेली तिची. मग कोंबडीला वेगळा न्याय का?"

इथे बोलायला हवं होतं. पण आता नुसती अंडी सांगून भागणार नव्हतं. खोटं बोललो ते सांगावं लागलं असतं, आणि तळ्यावर ती मान खाली घालून उभी असताना मी शेजारी मुकाट उभा होतो, तेही. काल सांगणं सोपं होतं, आज अवघड झालं होतं, आणि उद्या आणखी अवघड होणार हे कळत असूनही मी उद्यावरच ढकललं.

रविवारी आत्यानं मेट्रनला स्वतः कापलं. पिसं काढायला घेतली आणि तिची हाक आली, "अगं, इकडे ये जरा." बायको गेली. मीही दारापर्यंत गेलो. आत्यानं कोंबडी उताणी धरली होती.

"हिचं पोट बघ. मी अजून हातही लावला नाही, तरी उघडं आहे. सगळी पिसं हिनं आपल्या चोचीनं उपटून घरट्यात घातलीत, कातडी अंड्यांना लागावी म्हणून. एवढं करणारी कोंबडी उठेल कशी?"

बायकोनं माझ्याकडे बघितलं. आत्याही माझ्याकडेच बघत होती, मास्तरकडे, कारण अशा गोष्टींचं कारण मास्तरला ठाऊक असतं.

"कोण जाणे," मी म्हणालो.

जेवताना तिनं तंगडी माझ्या ताटात वाढली. "तू खा. रोज पाणी तापवलंस, बल्ब लावलास. दुसऱ्या कोणी एवढं केलं नसतं." मी खाल्ली. रस्सा पुन्हा मागून घेतला. नसता घेतला तर तिनं विचारलं असतं, काय झालं म्हणून. बायकोनं डोकं दुखतंय सांगून ताट बाजूला सारलं. नंतर भांडी घासताना मान वर न करता ती मला म्हणाली, "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. मी गप्प बसले ते तुमची अब्रू जाऊ नये म्हणून. पण मला तुमची लाज वाटते." मला माझी वाटत होतीच. तिचीही भर पडली.

त्यानंतर आत्यानं कोंबडी बसवली नाही. होत्या तेवढ्या शेजारच्या शिवणकामवालीला देऊन टाकल्या. कपाट रिकामं पडलं, ट्रेमध्ये पाणी साचून डास झाले, दारावरच्या तेवीस रेघा तशाच राहिल्या. गल्लीतल्या बायका आधी यायच्या. "नको गं, माझ्या हाताला गुण नाही," आत्या म्हणायची. पूर्वीही जवळजवळ हेच म्हणायची आणि चपला शोधायची. आता म्हणायची आणि बसून राहायची. हळूहळू बायका यायच्या बंद झाल्या. रस्त्यात हवालदार दिसला तरी तिचं कोपर मला लागेनासं झालं. लोक म्हणायचे, आत्याबाईंचं वय झालं. मीही म्हणायचो, वय झालं. डोळ्याच्या ऑपरेशननंतर माणूस असं खचतं कधीकधी, असंही मी एकदा कोणाला तरी समजावून सांगितलं. माझ्यातला मास्तर कुठेही गप्प बसत नाही, फक्त जिथे बोलायला हवं तिथे बसतो.

दोन वर्षांनी आम्हाला मुलगी झाली, आत्याच्याच वॉर्डात. सकाळची दहाची वेळ. व्हरांड्यात बाकावर मी आणि आत्या. नर्स आत्याच्या हाताखाली शिकलेली होती. ती बाळाला कापडात गुंडाळून बाहेर आली आणि मला ओलांडून सरळ आत्यासमोर उभी राहिली.

"घ्या आत्याबाई. तुमची नात. पहिली तुमच्या हातात."

आत्यानं दोन्ही हात शालीखाली घेतले. "नको. तिच्या बापाला दे."

"असं काय करता? अख्ख्या गावाला घेतलंत."

"तेव्हा घेतलं. आता नको." ती बाकावर मागे सरकली. "माझ्या हाताला गुण नाही राहिला बाई. उगाच पोरीला कशाला लावू?"

मला धैर्य आलं, असं लिहायला आवडलं असतं. धैर्य नव्हतं ते. ती हात लपवत होती, ते मला बघवलं नाही. मला वाढवलेले ते हात माझ्या पोरीला लागू नयेत म्हणून ती शालीखाली धरून बसली होती, आणि त्या हातांनी काहीच केलेलं नव्हतं. मी तिथेच, नर्ससमोर बोललो.

"आत्या, मेट्रन उठली नव्हती. मी उठवली. मला वाटलं एकवीसच दिवस लागतात. अंडी सडली समजून मी तिला बादलीत बुडवली आणि खुडूक मोडली. अंडी मी बाहेर काढून ठेवली. आत पिल्लं जिवंत होती. तुझ्या हाताचा काही दोष नव्हता. तिचाही नव्हता."

नर्सला कशाचा काही पत्ता लागेना. बाळंतपणात बायकांना बरळताना तिनं पुष्कळ ऐकलं असेल, नवऱ्याला बरळताना पहिल्यांदाच ऐकत होती.

आत्या समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "कितीदा बुडवली?"

"तीनदा."

"गार पाण्यात?"

"हो."

"आणि मी तिला कापली," ती म्हणाली. "बसलेली होती रे ती. उघडं पोट मी माझ्या डोळ्यानं बघितलं आणि तरी तुझं ऐकलं."

"माझं चुकलं," मी म्हणालो. तळ्यावर तिनं वापरलेले हेच शब्द होते. त्यांची मालकीण ती नव्हती, मालक मी होतो, आणि ते मी दोन वर्षं तिच्याकडे ठेवले होते.

ती उठली. व्हरांड्याच्या टोकाला बेसिन होतं, तिकडे चालत गेली. बाह्या सारल्या, कोपरापर्यंत साबण लावला, नखं बघितली, हात वर धरून पाणी निथळू दिलं. परत आली आणि नर्सच्या हातातून बाळ घेतलं. एक तळवा डोक्याखाली, दुसरा पाठीखाली. पोरगी रडत होती ती गप्प झाली.

"सरळ आलीय," आत्या नर्सला म्हणाली. "बापासारखी नाही. तो पायाळू होता."

माझ्याकडे तिनं बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी मी एकटाच तळ्यावर गेलो आणि बदकवाल्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, पाण्यातल्या तीन म्हाताऱ्या बदकांकडे बघितलं आणि म्हणाला, "आत्याबाईंना सांगितलंत ना? मग झालं." मला बसही म्हणाला नाही.

आत्या आता पुन्हा कोंबड्या बसवते. बायका पुन्हा बोलवायला येतात आणि ती पुन्हा चपला शोधते. माझ्याशी बोलते, मला जेवायला वाढते, पोरीला माझ्या अंगावर टाकून बाजारात जाते. घराची किल्ली माझ्याकडे, तिच्या पेटीची किल्लीही माझ्याकडे. पण कोंबडी अंड्यांवर बसलेली असताना तिला गावाला जायचं असलं, की ती खुराड्याला कुलूप लावते आणि ती किल्ली शेजारच्या शिवणकामवालीकडे देते. माझ्यादेखत देते. मग रोज सकाळी शिवणकामवाली येते, कुलूप काढते, कोंबडीला उचलून खाली ठेवते आणि स्वयंपाकघराकडे बघून हाक मारते, "मास्तर, पाणी." तोवर मी ते तापवून, बोट घालून, कोमट झालंय ना बघून ठेवलेलं असतं. ते तिच्या हातात देतो आणि आत येतो.